फाटकावरची पाटी

"कशाला जुनी मढी उकरतेस?" असं बाबा महिनाभर म्हणत होते, पण लेक त्यांच्यावरच गेलेली, हट्टी. आजोबा कामधंद्याला म्हणून घर सोडून गेले ते परत आलेच नाहीत, एवढंच घरात सांगितलं जायचं. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. त्यांनी डोळे मिटण्याआधी त्यांच्या वडिलांचं काय झालं ते त्यांना सांगायचंच, असा तिने चंग बांधला होता.

नोंदणी कचेरीत चपला झिजवल्यावर मृत्यूंच्या वहीत आजोबा सापडले. ठिकाण: वेड्यांचं इस्पितळ. घरापासून चालत अर्धा तास!

इस्पितळाच्या जुन्या कागदांच्या खोलीतला कारकून हसूसुद्धा मोजूनमापून द्यायचा. तिथली पद्धत अशी, की घरच्यांचं पत्र आलं की ते रुग्णाच्या पानालाच टाचायचं. आजोबांच्या पानाला एकच पत्र होतं. 'रुग्ण बरा झाला आहे, घरी न्यावे' असं इस्पितळाने कळवलं होतं, त्याचं उत्तर. 'या नावाचे आमचे कोणी नाही.'

खाली सही नव्हती. गरजही नव्हती. बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांच्याच अक्षरांवर बोट फिरवून ती लिहायला शिकली होती. त्या पत्रानंतर आजोबा सव्वीस वर्षं जगले होते. ती दहावीला होती तेव्हासुद्धा ते इथेच होते.

संताप गिळून, वाटेत एक खोटं जुळवून ती घरी आली. या वयात त्यांना काय जाब विचारायचा?

"सापडलं, बाबा. इस्पितळात होते. थोड्याच दिवसांत गेले."

बाबा अंथरुणावरच भिंतीकडे वळले. "पत्र वाचलंस ना?"

ती त्यांच्या उशाशी बसली.

"तुझ्या आत्याचं लग्न ठरलं होतं गं. वेड्याची मुलगी कोण करून घेतो? मी एकोणीस वर्षांचा. म्हटलं, लग्न उरकलं की आणू. मग माझं ठरलं. मग तू झालीस."

"एकदाही गेला नाहीत?"

"फाटकावरची पाटी बघितलीस? दर वर्षी मीच रंगवायचो, फुकट. ते बाग झाडायचे. झाडू घेऊन शिडीखाली उभे राहायचे. म्हणायचे, अक्षर सुरेख आहे रे, कुणाचा तू?"

"मग? काय सांगायचात?"

बाबांनी तोंडावर चादर ओढून घेतली.

"दर वर्षी वेगळं नाव."