मेंढा कापला, नमदा नाही बांधला

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, सात माणसं आरामात बसतील एवढी मोठी गाडी आहे. लोक मला आलिशान म्हणतात. हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की आजकाल माझं डोकंच फिरतं. आलिशान म्हणजे काय, तर कातड्याच्या खुर्च्या, आत लाकडी पट्ट्या आणि नाकावर चकाकणारी चांदीसारखी जाळी. त्या जाळीच्या मागे काय आहे, हे बघायला किती जण वाकतात? मी रागात आहे, आणि राग गिळून गोड गोड सांगणं मला जमत नाही. ऐकायचं तर असंच ऐका.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांना ठाऊक होतं की मी वाळवंटात जाणार. म्हणून त्यांनी मला थंड हवेचं यंत्र दांडगं दिलं आणि गरम हवेचं नावापुरतं. माझ्या रेडिएटरमधलं कूलंटही पातळ, उन्हाळ्यापुरतं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. वाळवंटात मी सुखाने राहिले. मग मला विकलं, जहाजात चढवलं, मोठ्या ट्रकवर लादलं, आणि एके दिवशी डोळे उघडते तो समोर बर्फाचे डोंगर. आत-बाशी गाव. इथे हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठते.

मला विकत घेणारा शेरगाझी हा मेंढ्या-घोड्यांचा व्यापारी. माणूस वाईट नाही. हात सैल, गळा मोठा, आणि मिरवण्याची हौस तर विचारूच नका. मी अंगणात शिरले तेव्हा त्याची बायको तुर्सुनाई हिने माझ्यावर मूठ मूठ मिठाई उधळली. गावातले म्हातारे तळवे पसरून आशीर्वाद देऊन गेले. शेजारचा काच्किन तेवढा खिशात हात घालून माझ्याभोवती फिरला. त्याच्याकडे एक जुनाट रशियन जीप होती, दरवाजे दोरीने बांधलेली.

"शेरगाझी, ही तर सुलतानाची बेगम आणलीस," तो म्हणाला. "हिला आपली थंडी सोसायची नाही रे."

"सोसेल की. बाइके, तुझी ती बकरी सोसते, मग माझ्या बेगमेला काय धाड भरलीय?"

बाइके म्हणजे थोरला भाऊ, आणि बकरी म्हणजे त्याची ती जीप. सगळे हसले. मीही हसले असते, पण मला आतली गोष्ट ठाऊक होती.

पहिली वर्षं कौतुकात गेली, ते मी नाकारत नाही. कुणाचंही लग्न असो, वरातीत पुढे मी. माझ्या आरशांना रिबिनी, छतावर बाहुली, आणि पोरं नाकाच्या जाळीत आपले चेहरे वाकडे करून बघायची. शेरगाझीने मला नवी रुंद, चकचकीत चाकं बसवली. हिवाळ्याचे खिळेवाले टायर त्याला गबाळे वाटायचे. "वरातीत काय ट्रॅक्टर घेऊन जाऊ?" असं म्हणायचा. बर्फ पडला की मी गल्लीत घसरायचे, आणि तो हसून म्हणायचा की बेगम नाचतेय. नाचत नव्हते मी. पडत होते.

मग एका उन्हाळ्यात दोलोन घाट चढताना माझी एक नळी फुटली. सगळं कूलंट रस्त्यावर वाहून गेलं. शेरगाझीने चिंधी गुंडाळून नळी बांधली आणि बाजूच्या झऱ्याचं पाणी डबा डबा भरून माझ्यात ओतलं. तेव्हा तेच बरोबर होतं. अडल्या वेळेला झऱ्याचं पाणी घालावं, घरी गेल्यावर काढून न गोठणारं कूलंट भरावं. गावात नवी नळी बसली. पाणी मात्र तसंच राहिलं.

शरद सरत आला तशी तुर्सुनाई म्हणाली, "अहो, गाडीत नुसतं पाणी आहे ना? ते काढून घ्या. थंडी पडायच्या आत."

"काढतो गं. आधी तुलो होऊ दे."

आमच्याकडे संकट टळावं म्हणून मेंढा कापतात, त्याला तुलो म्हणतात. दर वर्षी शरदात माझ्या नावाने तुलो व्हायचा. त्या वर्षी तर शेरगाझीने कळपातला सगळ्यात लठ्ठ मेंढा निवडला. रक्ताचं बोट माझ्या चारही चाकांना लावलं. अंगणात मोठी कढई चढली, गाव जेवलं, मटणाच्या वाफा माझ्या काचांवर बसल्या. शेरगाझी माझ्या छतावर थाप मारून म्हणाला, "झालं. आता हिवाळा माझं काय वाकडं करतो ते बघू."

त्याची आई चुलीपाशी बसली होती. सैराकान आपा; इकडे आईला आपा म्हणतात. लहानखुरी, कमरेत वाकलेली, पण जीभ अजून सरळ. ती म्हणाली, "मेंढा देवाला दिलास, बाळा. गाडीला काय दिलंस?"

तो हसला. आपा हसली नाही. ती उठून आत गेली आणि स्वतः थापलेला जाड लोकरीचा नमदा घेऊन आली. माझ्या नाकाच्या मापाने कापलेला, चारी कोपऱ्यांना वाद्या शिवलेल्या. इथे हिवाळ्यात शहाणी माणसं जाळीवर असा नमदा बांधतात, म्हणजे गार वारा थेट रेडिएटरवर बसत नाही. घोड्याच्या पाठीवर झूल टाकतात ना, तसंच हे.

नमदा माझ्या नाकावर जेमतेम एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी नारिनमध्ये लग्न होतं. शेरगाझीने तो ओढून काढला आणि मेंढवाड्यात भिरकावला. म्हणे, जाळी झाकली जाते, गाडी भिकारणीसारखी दिसते. तो नमदा त्या आईने किती दिवस पाण्यात भिजवून, लाटून, थापून केला होता, हे त्याच्या डोक्यातही आलं नसेल. आणि पाणी? रात्री मला गोठ्याच्या उबेत उभं करून भागत होतं, म्हणून पाणी राहूनच गेलं.

बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा म्हणजे मीच. पण मला पोकळ केलं कुणी, हे कुणी विचारत नाही.

मित्रांनो, आता जे सांगते त्यासाठीच मी तोंड उघडलंय.

कडाक्याच्या थंडीत कोचकोरहून निरोप आला. आपाचा एकुलता एक भाऊ दाइर शेवटच्या घटका मोजत होता. दोघांत कित्येक हिवाळे बोलणं नव्हतं. बापाच्या वर्षश्राद्धाला दाइरने आपाची घोडी कापली होती, बापाने तिला दिलेली. त्या दिवशी भर पंगतीत ती म्हणाली होती, "आजपासून तू माझा भाऊ नाहीस." आणि आता दाइरचा निरोप होता, "सैराला आणा. मला तिच्या तोंडून राजी ऐकायचंय."

हे राजी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मरणाऱ्याने आणि मागे राहणाऱ्याने एकमेकांना "मी तुझ्यावर राजी आहे" म्हणायचं असतं. जुनं भांडण, कडू शब्द, सगळं त्या एका वाक्यात मिटतं. ते न म्हणता माणूस गेलं, तर मागे राहिलेल्याच्या छातीवर कायमचा धोंडा. आपाने पांढरा रुमाल बांधला, साखर आणि चहा गाठोड्यात घेतला आणि उजाडता उजाडता माझ्यात येऊन बसली. वाटेत तिचे ओठ हलत होते. ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.

नारिन सोडून मी घाटाला लागले आणि बोचरा वारा सरळ माझ्या जाळीत घुसला. उघड्या, चकचकीत, चांदीसारख्या जाळीत. आधी रेडिएटर कोपऱ्यांत गोठला, मग मधोमध. पाण्याचं फिरणं थांबलं. आता गंमत बघा, पुढून मी बर्फ आणि आतून उकळी. इंजिन तापून लाल, आणि आत मात्र गार हवा, कारण गरम पाणी पोहोचणार कुठून. मी काटा वर चढवला, तांबडा दिवा लावला, वाफ सोडली. मला बोलता येत नाही, पण जेवढं ओरडता येतं तेवढं मी ओरडले.

आपाने विचारलं, "बाळा, तो दिवा कसला?"

"काही नाही, आपा. वर पोहोचलो की उतारच आहे."

माथा डोळ्यांसमोर असताना माझी नळी पुन्हा फुटली. मी थांबले. रुंद चाकं मागे घसरली आणि माझी पाठ बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतली.

शेरगाझीने झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. फोनला रेंज नाही. आपा आत गोठ्यातल्या कोकरासारखी आकसून बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तो दाराकडे बघत असेल रे."

त्या वेळी शेरगाझीने माझ्या चाकावर लाथ मारली. रक्ताचं बोट लावलेल्या त्याच चाकावर.

मग मागून फटफट आवाज आला. काच्किनची जीप. नाकावर मळका नमदा, चाकांना साखळ्या, धूर सोडत चढत होती. तुर्सुनाईने त्याला मागून पिटाळलं होतं. "आमच्या गाडीत पाणी आहे, बाइके, तुम्ही मागोमाग जा," असं तिने सांगितलं होतं. नवऱ्याला सांगून पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून तिने शेजाऱ्याला सांगितलं.

काच्किनने मला टोमणा मारला नाही. ती वेळही नव्हती. "एजे, ताई, चला," म्हणून त्याने आपाला उचलूनच आपल्या जीपमध्ये बसवलं आणि ते पुढे गेले.

मी आणि शेरगाझी घाटात राहिलो. बऱ्याच वेळाने एका ट्रकवाल्याने आम्हाला दोरीने ओढत माथ्यापलीकडे उतरवलं, तेव्हा शेरगाझीचा फोन वाजला. काच्किन होता. आवाज मोठा, मला सगळं ऐकू आलं.

"पोहोचलो रे. पण अंगणात मयताचा तंबू उभारत होते. दाइर आत्ताच गेला, चहाचा पेला गार व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच उशीर. शेवटपर्यंत विचारत होता म्हणे, सैरा आली का, सैरा आली का."

शेरगाझीने फोन खाली ठेवला. डोकं माझ्या स्टिअरिंगवर टेकवलं आणि हुंदके देऊन रडला. मला त्याची दया आली, खोटं का बोलू. पण मग त्याने मूठ आवळून मला गुद्दे मारले. "तुझ्यामुळे! तुझ्यामुळे झालं सगळं, सटवे!"

माझ्यामुळे? पाणी मी ओतलं होतं? नमदा मी मेंढवाड्यात फेकला होता? चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. त्या दिवशी मला हात असते, मित्रांनो, तर मीही एक गुद्दा लगावला असता.

मला दुरुस्त करून घरी आणलं, पण अंगणातल्या कोपऱ्यात, पाठ रस्त्याकडे करून उभं केलं. वरातीत पुढे मिरवलेली मी, आता माझ्या छतावर कोंबड्या बसू लागल्या. गावात बोलणं सुरू झालं की ही गाडीच अपशकुनी. शेरगाझी गिऱ्हाईक शोधू लागला.

भावाच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी करून आपा परतली, त्याच दिवशी गिऱ्हाईक दारात उभं होतं. शेरगाझी त्याला सांगत होता, "गाडी झकास आहे, पण आमच्या घराला लाभली नाही."

आपाने ते ऐकलं. ती गाठोडं खाली न ठेवता सरळ माझ्याकडे आली. माझ्या नाकावर, त्या गार जाळीवर, तिने आपला हात ठेवला. घाटात जे वाक्य ती पुटपुटत होती, ते तिच्यापाशी अजून शिल्लक होतं. कुणाला तरी द्यायचं राहिलं होतं.

"तू लोखंड आहेस," ती म्हणाली. "तुला जे घातलं, त्यावर तू चाललीस. दमलीस तिथे थांबलीस. मी तुझ्यावर राजी आहे."

गिऱ्हाईक जमिनीकडे बघू लागलं. शेरगाझी पुढे आला. एवढ्या मोठ्या गळ्याचा माणूस, पण हळूच बोलला.

"आपा... आणि माझ्यावर?"

ती सरळ मेंढवाड्यात गेली. लेंड्यांत पडलेला नमदा तिने ओढून काढला, भिंतीवर दोनदा आपटला आणि त्याच्या हातात दिला.

"मरणाऱ्याला वेळ नसतो, म्हणून त्याला लगेच राजी म्हणावं लागतं," ती म्हणाली. "तू जिवंत आहेस. हा बांध. पुढचा हिवाळा संपेपर्यंत बांधलेला दिसला, तर मग विचार."

शेरगाझी वाकला. इतक्या वर्षांत माझ्या नाकासमोर तो पहिल्यांदाच गुडघ्यांवर बसला होता. उघड्या बोटांनी त्याने चारी वाद्या बांधल्या. गाठी नीट बसेनात, त्याने सोडून पुन्हा बांधल्या. गिऱ्हाईक केव्हा निघून गेलं, कुणाला कळलं नाही.

मित्रांनो, आपा माझ्यावर राजी आहे. मी शेरगाझीवर नाही, अजून तरी नाही. तुमच्या घरी गाडी असेल, घोडा असेल, दिवसभर चुलीपाशी बसणारी म्हातारी आई असेल. त्यांना हार घालायच्या आधी त्यांना काय हवंय ते विचारा. आणि त्यांनी सांगितलं तर ते त्याच दिवशी करा, तुलो झाल्यावर नाही.

तेव्हापासून माझी चांदीची जाळी कुणाच्या दृष्टीस पडलेली नाही. नमद्याला लेंड्यांचा वास येतो. येऊ दे.