सातव्या बोअरमधलं तांबं

एकोणीसशे एकाहत्तर साली आमच्या घरामागच्या टेकडीवर तांबं आणि निकेल शोधायला एक कंपनी आली, आणि त्याच वर्षी आमची बाग गेली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आता पंचाहत्तरी उलटून गेली, तरी त्या ग्रीसचा वास नुसता आठवला की तोंडातला घास फिरतो.

कंपनीचे भूगर्भतज्ज्ञ म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांनीच मला नमुन्यांच्या शेडमध्ये चिकटवलं. यंत्रानं जमिनीत खोल बोअर मारायचं आणि आतून मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या बाहेर काढायच्या, असं ते काम. कांड्या लाकडी पेट्यांत ओळीनं लावलेल्या असत. मी त्या साबणाच्या पाण्यात ब्रशनं घासायची, किती खोलीवरच्या ते लिहायची आणि करवतीवर उभ्या चिरायची. अर्धी कांडी प्रयोगशाळेत जाई. अर्धी पेटीतच राही, कुणाला शंका आली तर पुन्हा तपासता यावी म्हणून.

भावजी दगड चाटायचे. ओल्या दगडात धातूचे कण नीट दिसतात, त्यांच्या धंद्यात सगळेच चाटतात, हे मला मान्य आहे. पण ते कांडीवरून लांबलचक जीभ फिरवायचे आणि ती तशीच थुंकीनं चकचकीत कांडी माझ्या हातात द्यायचे. मजूर त्यांना पाठीमागे ‘चाटूसाहेब’ म्हणायचे. मी हसायची. घरी जाऊन दोनदोनदा हात धुवायची.

पहिली सहा बोअर कोरडी गेली. वरून विचारणा होऊ लागली. कंपनीचे मोठे भागीदार गुरुवारी येणार होते. सातवं बोअर चांगलं निघालं तर पुढची रांग आमच्या बागेतून जाणार होती, आणि त्यासाठी बाबांची सही हवी होती. बाबांनी दिली की शेजारपाजारचे देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नासपतीची चाळीस झाडं होती आमची. मी आणि ताई त्यांच्या फांद्यांवर बसून अभ्यास केलेला. फळं उतरवायच्या दिवसांत घरातल्या उशांनासुद्धा नासपतीचा वास यायचा. बाबांनी जावयाला स्वच्छ सांगितलं होतं, “तांबं असेल तर खुशाल खोदा, चार घरांचं भलं होईल. नसेल तर माझ्या झाडाला कुऱ्हाड लागता कामा नये.”

सातव्या बोअरच्या पेट्या आल्या तेव्हा भावजी म्हणाले, “ह्या कांड्या धुवायच्या नाहीत. दगड भुसभुशीत आहे, विरघळेल.”

दगड लोखंडासारखा टणक होता. वर मात्र लालसर, चिकट ओघळ होते. बोटाला लागले की निघता निघेनात. मी यंत्रावरच्या मिस्त्रींना विचारलं.

“अहो, ते ग्रीस आहे,” मिस्त्री म्हणाले. “सळ्यांचे आटे एकमेकांत अडकू नयेत म्हणून लावतो. तांब्याची भुकटी असते त्यात. एरवी बोटभर पुरतं. या वेळी साहेब म्हणाले, हात राखू नकोस. मग काय, लोण्यासारखं थापलं.”

प्रयोगशाळेचे आकडे आले. तांबं आधीच्या दसपट आणि निकेल जवळजवळ शून्य. इथंच घोडं पेंड खात होतं. सहा बोअरांचे तक्ते मीच टाइप केले होते. आमच्या टेकडीच्या दगडात ही दोघं नवरा-बायकोसारखी असत, एक चढलं की दुसरं चढायचं.

मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे नवरा घरीच ठेवून बाई एकटीच लग्नाला आली म्हणायची!” हसले, आणि लगेच यंत्राकडे वळले. त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की भावजींनी सातव्या बोअरची एकही कांडी चाटली नव्हती.

मी ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. भावजी टेबलाशी बसून जेवत होते. नखांत तेच ग्रीस, आणि त्याच बोटांनी घास कालवणं चाललेलं.

“खाली तांबं आहेच गं,” ते तोंडात घास ठेवूनच म्हणाले. “माझं मन सांगतं. थोडं पुढे ढकलावं लागतं, एवढंच.”

“बाबांची झाडं ढकलायची?”

“झाडंच ना?” ताई फडकं आपटत म्हणाली. “यांची नोकरी गेली तर मी दोन पोरं घेऊन माहेरी येऊन बसू? चालेल तुला?”

मी चपला घालून बाहेर पडले.

गुरुवारी भागीदार शेडमध्ये आले. गुबगुबीत गृहस्थ, अत्तराचा रुमाल सारखा नाकाशी. त्यांच्यासाठी ताईनं घरून चहा आणला होता. कप चक्क कांड्यांच्या पेटीवर ठेवले. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. कागद तयार होता.

मी बादली आणली. पेटीतली एक अर्धी कांडी उचलली आणि सगळ्यांसमोर साबणानं घासली. मग पांढऱ्या फडक्यानं पुसली. फडकं तांबडं झालं. दगड करडा, साधा, रस्त्यावरच्या खडीसारखा.

“भावजी,” मी म्हणाले, “रोज चाटता. यातली एखादी न धुतलेली चाटून दाखवा ना.”

भावजींचा चेहरा पिठासारखा झाला. भागीदारांनी बोटानं फडकं चाचपलं, बोट रुमालाला पुसलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनाही कुणाला तरी चांगले आकडे दाखवायचे होते. ते भावजींकडे बघून हसले. “मेहुणी वाटतं? मेहुण्यांना थट्टेचा हक्कच असतो.” आणि त्यांनी फुर्र करून चहा प्यायला.

बाबांनी माझ्या हातातून फडकं घेतलं. वास घेतला. जावयाकडे पाहिलं. मग ताईकडे. ती किटली धरून त्यांच्याकडेच बघत होती.

“पेन आहे का?” बाबांनी विचारलं.

“बाबा!”

त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख.

परत येताना ते म्हणाले, “झाडं पुन्हा लावता येतात. लेकीचा संसार मोडला तर कुठून आणू?”

“आणि मी तुमची कोण?”

ते चालत राहिले. मी रस्त्याच्या कडेला बसून ओकले.

बागेत अकरा बोअर मारली. एकातही काही निघालं नाही. वर्षाच्या आत कंपनीनं गाशा गुंडाळला. बागेत डिझेल, चिखल आणि झाडांचे बुंधे उरले. बाबांनी त्यात दोन कलमं लावली, ती जळाली. तिसरं लावायच्या भरीस ते पडले नाहीत. चार वर्षांनी गेले. भागीदार पुढे आणखी मोठे झाले, त्यांच्या नावानं एक सभागृह आहे म्हणतात. मिस्त्री दुसऱ्या खाणीवर गेले, तिथून त्यांचं एकच पत्र आलं. त्यात फक्त हवापाणी होतं. भावजींना बढती मिळाली. ते अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत त्यांना खणखणीत भूक होती. ताई दर वाढदिवसाला मला फोन करायची, तब्येत विचारायची. बागेचं नाव मात्र तिनं मरेपर्यंत काढलं नाही.

आणि मी? त्या गुरुवारनंतर मी नोकरी सोडली असेल, असं कुणालाही वाटेल. मी सोडली नाही, आणि भावजींनीही मला काढलं नाही. मला काढलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. कंपनी जाईपर्यंत मी त्याच शेडमध्ये बसून आमच्याच बागेतून निघालेल्या कांड्या चिरल्या. पुढे माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी विचारलं, “याआधी कुठं होता?”

“घरीच होते,” मी म्हणाले.