मुक्ताबाईच्या चाकातली मोटर

मोटर बाहेरून हाताला गार लागली की ती आतूनही गार, असा आमच्या कळंबकरांचा पक्का समज. पंचवीस वर्षं मी जळालेल्या मोटरींमध्ये नवी तार भरतेय, आणि याच समजावर माझं दुकान बरं चाललंय. म्हणून कुणाला शहाणं करायच्या फंदात मी पडत नाही. मुक्ताबाईची गोष्ट वेगळी.

ती वस्त्यांवरून दूध गोळा करते आणि चाळीस लिटरचे दोन कॅन इलेक्ट्रिक स्कूटरला अडकवून संकलन केंद्रावर पोचवते. सकाळी आठला केंद्र बंद. स्कूटरची मोटर मागच्या चाकातच असते; कॅनॉलच्या चढावर ती तापायची आणि गाडी जागीच थांबायची. दोनदा उशीर झाला. केंद्राच्या ऋषिराजनं सांगून टाकलं, तिसऱ्यांदा झाला तर हे काम आफताबच्या पिकअपला. आफताब माझा सख्खा पुतण्या.

बारामतीच्या एका दुकानदारानं "वजन कमी करा" म्हणून हात झटकले. मग मुक्ताबाईनं चढाआधी थांबून चाकाला ओलं गोणपाट लावायला सुरुवात केली, कॅनला गुंडाळतात तसं. माझ्याकडे आणलेली मोटर बाहेरून गार होती. उघडली तर आतली तार करपलेली. मला असा राग आला.

"गोणपाट कुणी सांगितलं तुला?"

"हाताला गार लागायची की, भाभी."

तार मधोमध, फिरतं कव्हर बाहेर आणि दोघांत नुसती हवा. उष्णता बाहेर येणार कुठून? विहिरीतल्या पाणबुडी मोटरीत ती तेलातून बाहेर येते. मी नवी तार भरली, सांधे सिलिकॉननं बंद केले आणि पाणबुडीच्या सवयीनं अर्धा लिटर तेल ओतलं. चाक चिखलात रुतल्यासारखं फिरू लागलं, तेल गळून टायरवर आलं. चूक माझीच. सगळं उपसलं आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजून थोडं थोडं घातलं. आठ झाकणांवर चाक मोकळं फिरलं, गळती थांबली. कव्हर फिरताना तेवढंच तेल तारेवर उडत होतं. आफताबला मिळणारं काम मी बुडवतेय म्हणून घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी ती भरले कॅन घेऊन निघाली, मागून मोपेडवर मी. चढाच्या पायथ्याशी तिनं थांबून चाकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"भाभी, ही तर चटके देतीया. पयल्यापेक्षा जास्त तापली." तिनं गोणपाट उचललंसुद्धा.

"ठेव ते खाली. आतली उष्णता भाईर आली म्हणून चटका बसतोय. आधी ती आतच कोंडायची."

"आन् थांबली तर? आज उशीर झाला तर तिसरी खेप व्हईल."

"थांबली तर कॅन मी डोक्यावर नेते. चल."

तिनं गोणपाट टाकलं आणि गाडी सोडली. अर्ध्या चढावर, जिथं रोज थांबायची, तिथं मी मोपेड हळू केली. स्कूटर थांबली नाही. वेगही पडला नाही. वर पोचल्यावर तर तिनं हँडलच्या मुठीचा असा कान पिळला की माझी पेट्रोलची मोपेड मागं राहिली. खोटं कशाला बोलू, मी एकटीच मोठ्यानं हसत होते.

मी केंद्रावर पोचले तेव्हा तिचं दूध मोजून झालं होतं. घड्याळात आठला बारा कमी. आफताब दारातच पिकअप लावून वाट बघत होता. ऋषिराज त्याच्याकडे बघायचंही टाळत होता.

मुक्ताबाईनं रिकामे कॅन उचलले.

"आफताब, गाडी जरा मागं घे," ती म्हणाली, "मला संध्याकाळी परत दूध घेऊन यायचंय."