ढोल्याच्या पोटातली वस्ती

बापाचा जीव तळ्यांवर आणि लेकीचा जंतूंवर, त्यामुळे जेवायला बसल्यावर दोघांना बोलायला विषयच नसायचा. लेक शहरातल्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. सुट्टीला घरी आली की बाबा विचारायचे, बरं चाललंय ना? ती म्हणायची, हो. गाडी तिथेच थांबायची. मग वहिनीच भाजी वाढता वाढता इकडचं तिकडचं सांगत राहायची.

वहिनी म्हणजे बाबांची सून. नवरा जहाजावर नोकरीला असल्यामुळे मासे वाढवायचा सगळा कारभार तिच्या हातात होता. खाद्य किती टाकायचं, पाणी कधी बदलायचं, माल कधी काढायचा, हे ती ठरवायची. आणि ते आपणच ठरवलं अशा थाटात बाबा ते पार पाडायचे. दोघांचं छान जमायचं.

त्या वर्षी पुढची दोन्ही तळी आजारली. माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, खाणं सुटलं, आणि सकाळी गेलं की काही मासे पोट वर करून तरंगत असायचे. आदल्या वर्षी ज्या औषधाने गुण आला होता, तेच औषध यंदा पाण्यात टाकलं काय आणि न टाकलं काय, सारखंच. पशुवैद्यांनी सरळ सांगितलं की रोगाचे जंतू आता या औषधाला भीक घालत नाहीत. वहिनीने नणंदेला फोन लावला.

लेक आली, तळ्यांभोवती फिरली आणि खाद्याच्या कोठीजवळच्या सिमेंटच्या टाकीपाशी थबकली. टाकीत ढोल्या होता. अगदी पहिल्या खेपेला आणलेल्या माशांपैकी हा एकटाच उरलेला. विकायचं बाबांच्या कधी मनात आलं नाही. आता तो चांगला पोट सुटलेला, संथ, आणि बाबांच्या बोटांतून खाणारा झाला होता. त्याच्या टाकीत पाणी येत होतं ते आजारी तळ्यातूनच. तरी त्याच्या अंगावर एक चट्टा नव्हता.

रात्रीच्या जेवणाला लेकीने पहिल्यांदाच आपलं काम समजावून सांगितलं. माशाच्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, आणि त्यातले बरेचसे भले असतात. ते अन्न पचवायला मदत करतात, आणि रोगाच्या जंतूंना थारा देत नाहीत. खोल्यांमध्ये आधीपासून चांगले भाडेकरू असले की गुंडाला जागा मिळत नाही, तसंच. ढोल्याच्या पोटात असे भाडेकरू असतील, तर त्यांना वाढवून खाद्यातून बाकीच्या माशांना देता येईल.

बाबांना हे पटलं. पण त्यासाठी सहसा मासा कापून आतडं काढतात, असं लेक बोलून गेली, आणि बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"त्याच्या पोटाला कुणी सुरी लावायची नाही."

मग नुसतं पोट हलकेच दाबू, असं ती म्हणाली. तेही नाही. आता एकच मार्ग उरला होता. ढोल्याला स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवायचं, आणि तो आपणहून जे देईल त्याची वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात टब मांडला, भोवती खुर्च्या टाकल्या. ढोल्याने पोटभर खाल्लं आणि तोंड फिरवून बसला. लेक हातात काचेची नळी धरून अवघडून गेली. एवढं टक लावून बघितलं तर कुणालाही संकोच वाटेल, असं बाबांचं म्हणणं पडलं. त्यांनी सगळ्यांना पाठ करून बसायला लावलं. दुपार कलली.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "स्थळाच्या होकाराचीसुद्धा मी एवढी वाट पाहिली नव्हती."

हसून तिघांचे डोळे पुसून होतात न होतात, तोच ढोल्याने आपला विधी उरकला. लेकीने विष्ठेचा तो लांबट दोरा नळीत अलगद ओढून घेतला, बर्फाच्या डब्यात ठेवला आणि मिळेल त्या गाडीने निघाली.

प्रयोगशाळेत त्यातून तऱ्हेतऱ्हेचे जंतू निघाले. बहुतेक बिनकामाचे. एकाने मात्र कमाल केली. रोगाच्या जंतूंनी भरलेल्या बशीत त्याचा ठिपका ठेवला, तर त्याच्याभोवतीचे रोगजंतू मरून स्वच्छ कडं उमटलं. लेकीने तिच्या वरिष्ठ बाईंना दाखवण्याआधी त्याचा फोटो घरी पाठवला. बाबांनी तो मोठा करून, आडवा करून, चष्मा काढून पाहिला आणि छान आहे म्हणाले. नेमकं काय छान आहे, ते वहिनीला विचारून घेतलं.

या जंतूमुळे माशांना अपाय होत नाही, याची आधी लहान टाक्यांमध्ये खात्री करून घेतली. मग लेक जंतूंच्या बाटल्या घेऊन घरी आली. थोड्या तेलात कालवून ते खाद्याला चोळले. एका तळ्याला हे खाद्य द्यायचं, शेजारच्याला साधंच.

"शेजारच्यांनी काय घोडं मारलंय?" बाबांनी विचारलं.

तुलना केल्याशिवाय गुण कशाने आला ते कळणार नाही, असं तिने सांगितलं. बाबा बरं म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

काही आठवड्यांनी मासे खायला लागले, चट्टे ओसरले. पण दोन्ही तळ्यांत, आणि सारखेच. लेकीचा चेहरा उतरला. हवा बदलली म्हणून मासे सुधारले असणार, आपल्या जंतूत काही दम नाही, असं म्हणून ती बाटल्या आवरायला लागली. बाबा दारात उभे राहिले, आत आले, पुन्हा दारात गेले.

"दुपारी तुम्ही जेवायला बसलात की," ते शेवटी म्हणाले, "मी तिकडेही थोडं टाकत होतो. ती पोरं काठाला येऊन तोंड उघडायची गं. बघवेना."

पोतं लवकर कसं संपतंय, याचा उलगडा वहिनीला तेव्हा झाला. लेकीने हातातली बाटली खाली ठेवली.

"बाबा, माझं सगळं पाण्यात गेलं."

"पाण्यात कुठे? माशांच्या पोटात गेलं."

तिला रागवायचं होतं, पण वहिनी तोंडाला पदर लावून अशी हसत होती की तिलाही आवरेना. हसता हसताच तिच्या ध्यानात आलं की बाटल्या फेकायचं कारण नाही.

मागच्या दोन तळ्यांत तेव्हा रोगाची सुरुवात झाली होती. तिथे प्रयोग नव्याने मांडला. कोठीची किल्ली वहिनीने गळ्यात अडकवली. साध्या खाद्याच्या तळ्याकडे बाबांनी फिरकायचं नाही, असं ठरलं; आणि मासे फार दगावू लागले तर प्रयोग थांबवून सगळ्यांना नवं खाद्य द्यायचं, हे बाबांनी लेकीकडून कबूल करून घेतलं. या वेळी त्यांनी शब्द पाळला. पंप बघायला जातानासुद्धा ते लांबच्या बांधावरून जायचे.

फरक उघड दिसला. नव्या खाद्याच्या तळ्यात मोजके मासे गेले आणि बाकीचे तरतरीत राहिले. शेजारच्या तळ्यात मेलेल्यांनी टोपल्या भरू लागल्या, तेव्हा लेकीने आपणहून प्रयोग थांबवला आणि किल्ली मागून घेऊन बाबांच्या हातात दिली. बाबा पोतं खांद्यावर टाकून जवळजवळ पळतच गेले. सगळे वाचले नाहीत, पण बरेच वाचले.

लेक परत निघाली तेव्हा बर्फाचा डबा उचलून बाबा तिला स्टेशनवर सोडायला निघाले. अगदी लहान पिल्लांना हे खाद्य चालेल का, त्यांनी विचारलं. चालेल, पण मात्रा ठरवावी लागेल, ती म्हणाली. पाणी गार पडल्यावर हे जंतू टिकतील का? ते तिलाही ठाऊक नव्हतं. मग बघायला हवं, बाबा म्हणाले, आणि कसं बघायचं यावर दोघांचा वाद जुंपला. गाडी आली, दार उघडलं, तरी तो मिटला नव्हता. शेवटी बाबा डब्यासकट आत चढले आणि पुढच्या स्टेशनावर उतरले.