मंगळवारची कॉफी

"ज्यांना कामावरून काढणार असतात, त्यांना ते आधी कळतं का?"

हा प्रश्न विद्यापीठाच्या भर सभागृहात उभं राहून विचारायचा, अशी पैज झोफियानं आणि बाकीच्या मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. झोफियाची आई इथेच, आमच्या या डच शहरात, टिलबर्गला एका गोदामात पार्सलं भरते. तिचं कॉन्ट्रॅक्ट या उन्हाळ्यात संपतंय. आणि अशाच कॉन्ट्रॅक्टवाल्यांवरच्या संशोधनाबद्दल स्टेजवरून बोलणारे होते माझेच बाबा. मागच्या वर्षीची मी खुर्चीखाली लपले असते. या वर्षी माईक हातात आला की माझ्याच्यानं सोडवत नाही.

बाबा खुलले. प्रश्न विचारलेले त्यांना फार आवडतात.

"कळतं," ते म्हणाले, "पण त्यांना सोडून बाकी सगळ्यांना."

लोक हसले.

"कायम करावं लागू नये म्हणून आधीच मोकळं करतात. त्याआधी साहेब अचानक गोड बोलायला लागतो. नवीन माणसाला तुझं काम शिकव म्हणतो. पुढच्या हंगामाचा विषय मात्र टाळतो. मला भेटलेल्या बहुतेकांना वाटलं होतं, आता बढती मिळणार."

पहिल्या रांगेत बाबांचे साहेब, प्रोफेसर हेन्क बसले होते. ते हसले नाहीत. बुटांकडे बघत राहिले.

घरी येताना बाबा सायकलवर शीळ घालत होते.

"हेन्कनं मंगळवारी कॉफीला बोलावलंय, मनू. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ती नवीन फेम्के आलीय ना, तिला माझा सगळा डेटा समजावून दिला. हेन्क म्हणाला, सुखदेव, तुझ्यासारखं कुणी शिकवत नाही."

माझा पाय पेडलवरून घसरला.

"आणि सप्टेंबरमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतं, त्यानंतरचं काय म्हणाले?"

"ते बघू म्हणाला."

वारा समोरून होता. बाबा वाकून पुढे निघून गेले.

आज पौर्णिमा, म्हणून आईनं खीर केली होती. "कायमचं झालं की पहिला फोन नागपूरला," ती वाढता वाढता म्हणाली. "आणि मंगळवारी तुमच्या साहेबांना डबाभर खीर न्या हो."

मला राहवेना. "बाबा, तुमची नोकरी गेली तर या व्हिसावर आपल्याला इथे किती राहता येतं?"

"तीन महिने," बाबा सवयीनं बोलून गेले. "तेवढ्यात दुसरी मिळाली नाही, तर..."

चमचा त्यांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"भरल्या ताटावर काय बोलतेस गं?" आई करवादली. "आज माईक काय मिळाला, तोंडच मिटेना हिचं."

"तिला बोलू नकोस, कुमुदिनी," बाबा हळूच म्हणाले. "आणि खीर राहू दे. नाही नेत."

"का? काय झालं?"

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग मीच बोलले.

"मंगळवारी मी शाळेत जाणार नाहीये. बाबांबरोबर जाणार. त्यांची कॉफी होईपर्यंत खाली सायकलींपाशी थांबेन."