समुद्राकडे निघालेली वाम

मी एक जुनी वाम आहे. मित्रांनो, वाम म्हणजे सापासारखा लांबोडका मासा. मला पाहिलंत तर तुम्ही आधी किंचाळाल आणि मग दगड शोधाल, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. विंचूरजवळ सावळीराम नावाच्या शेतकऱ्याची विहीर आहे, तिच्या तळाच्या कपारीत मी राहते. राहते कसली, पडून असते.

माझा जन्म समुद्रातला. आम्हा वामांची रीतच तशी आहे. समुद्रात जन्मायचं, नदीत वाढायचं आणि उतारवयात अंडी घालायला पुन्हा समुद्र गाठायचा. अंडी आयुष्यात एकदाच घालायची आणि तिथेच डोळे मिटायचे. मी बोटाएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी होते, तेव्हा गोदावरीच्या मुखातून वर निघाले. पैठणच्या धरणाची भिंत तेव्हा पुरती उभी राहिली नव्हती. ओल्या दगडांवरून सरपटत मी पार नांदूरमध्यमेश्वरपर्यंत आले. पुढे भिंत पूर्ण झाली. त्यानंतर खालून एकही वाम वर आलेली मी पाहिली नाही.

एके दिवशी चिमाजी भोयाच्या जाळ्यात मी सापडले. त्यानं मला सावळीरामाला दिलं. "टाक इहिरीत. पाणी नितळ ऱ्हातं," असं तो म्हणाला. जुनी माणसं विहिरीत मासा नाहीतर कासव सोडायची, त्यातलाच हा प्रकार. पोरं मला भाकरीचे तुकडे टाकायची. सावळीराम पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचा, "ही आमची राखणदार." मी बरीच वर्षं राखण केली. कशाची, ते मला आजही कळलेलं नाही.

मग एका पावसाळ्याच्या तोंडावर माझं अंग बदललं. पिवळं पोट रुपेरी झालं, डोळे मोठे झाले, अन्नावरची वासना उडाली. पोटात अंडी धरू लागली होती. मला समुद्र हवा होता, दुसरं काहीही नको होतं. सावळीरामाला वाटलं, मी आजारी आहे. त्याच सुमारास नाशिकच्या एका कॉलेजातून आशाताई आल्या. मासे कुठून कुठे जातात, याचं त्या संशोधन करत होत्या. त्यांनी मला वर काढून बघितलं मात्र, त्यांचा चेहरा फुलला.

"बाबा, ही आजारी नाही. ही निघालीय."

"निघाली? कुठं? इहिरीतून कुठं जानार हाय ती?"

"समुद्रात. डोळे बघा तिचे. खोल पाण्यातल्या अंधारासाठी मोठे झालेत. सोडा तिला."

सावळीरामाच्या फार जिवावर आलं, पण त्यानं मला गोदावरीत सोडायला होकार दिला. पुराबरोबर धरणाच्या उघड्या दरवाज्यांतून मी खाली जाईन, असा ताईंचा हिशेब होता. ताईंनी माझ्या पाठीवर एक छोटी पिवळी पट्टी अडकवली. तिच्यावर माझा आकडा, कॉलेजचा पत्ता आणि फोन नंबर होता. नदीकाठच्या भोयांना त्या गावोगाव जाऊन सांगून आल्या, "पट्टीवाली वाम मारू नका. दिसली तर सोडून द्या आणि फक्त आम्हाला कळवा."

मारू नका, हे लोकांनी मनापासून ऐकलं. पुढचं मात्र त्यांना माणुसकीला धरून वाटलं नसावं. ज्याची वस्तू त्याला नेऊन द्यावी, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी मी पुराबरोबर कोपरगावापर्यंत पोचले. तिथल्या भोयांनी मला धरलं, पट्टी पाहिली आणि पाण्यानं भरलेल्या हंड्यात घालून एसटीनं नाशिकला आणलं. दुसऱ्या वर्षी पुणतांब्याहून तसंच. दोन्ही वेळा पूर ओसरला होता, खाली नुसती डबकी उरली होती. ताईंना मला पुन्हा विहिरीतच ठेवावं लागलं. त्यांनी गावोगावी पुन्हा बजावलं. लोक माना डोलवायचे आणि त्यांना चहा पाजायचे.

तिसऱ्या वर्षी मी मोठ्या पाण्यात पोचले. इतकं पाणी, की मला वाटलं, समुद्र आला! पण ते गोडं होतं. ते धरणाचं पाणी होतं. मी भिंतीला अंग घासत वाट शोधू लागले. वाट अजून सापडली नव्हती. तिथेच झुंबर नावाच्या भल्या माणसानं मला धरलं.

मित्रांनो, भिंतीपलीकडे नदी वाहत होती. दरवाजे उघडले होते, मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता. झुंबरनं हंडा उचलून पलीकडे रिकामा केला असता, तर त्याची बिडीसुद्धा विझली नसती. त्यानं आधी फोन करून पाहिला, तो लागला नाही. मग तो दिवसभर एसटीत हंडा मांडीवर धरून बसला. प्रत्येक स्टँडवर उतरून त्यानं माझं पाणी बदललं. स्वतः काही खाल्लं नाही.

"घ्या ताई तुमची वाम," तो म्हणाला. "लय जपून आनली. पार भिंतीला जाऊन भिडली व्हती. मी नसतो तर गेली असती वाहून!"

ताईंनी हंड्यात पाहिलं. मग त्याच्या दमलेल्या तोंडाकडे पाहिलं. "फार उपकार झाले, दादा," एवढंच त्या म्हणाल्या. तो गेल्यावर हंड्याशी बसून रडल्या. त्या दुसऱ्याच दिवशी मला घेऊन पैठणला निघणार होत्या, पण धरणाचे दरवाजे मिटल्याची बातमी आली. खाली नुसते गोटे उरले होते. पुढच्या पावसाळ्यात स्वतः भिंतीपलीकडे सोडीन, असं त्यांनी मला कबूल केलं.

तो पावसाळा आला. ताई हंडा घेऊन आल्या. पण माझं पोट पुन्हा पिवळं पडलं होतं, डोळे बारीक झाले होते. अंडी पोटातल्या पोटात जिरून गेली होती. ताईंनी मला हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि हंडा रिकामाच उचलला.

"आता नाही जायची ती," त्या सावळीरामाला म्हणाल्या. सावळीराम खूश झाला. राखणदार घरी राहिली.

झुंबर अजून कधीमधी फोन करतो. आता फोन लागतो. "आपली वाम कशी हाय?" म्हणून विचारतो. ताई सांगतात, "मजेत आहे."

मित्रांनो, मला भाकरी टाकू नका, मला भूक नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. वाटेत एखादा जीव भेटला, तर त्याला उचलून घरी नेण्याआधी त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ते पाहा. माझं तोंड समुद्राकडे होतं. झुंबरनं माझा पत्ता तेवढा वाचला.