दुसरी प्रत

माणूस दारातून आत आला की ताई आधी त्याच्या जोड्यांकडे बघायची. टाच कुठल्या बाजूला झिजलीये यावरून तो उधारी मागणार की घासाघीस करणार हे तिला कळायचं, आणि बहुतेक वेळा ती बरोबर निघायची. वडिलांचा वजनकाटे दुरुस्तीचा धंदा तिने त्यांच्यामागे असाच चालवला होता. काटे कारागीर तोलायचे, माणसं ती.

एकाच माणसाला तिने कधी काट्यावर घेतलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ.

धाकटा वेगळा झाला तेव्हा भांडण नव्हतं की रुसवा नव्हता. "ऑफिसांच्या छतांचं काम करणार आहे मी. काट्यांत माझं मन रमत नाही गं," म्हणाला. आणि जाताजाता वर्कशॉपला नवी फोन-यंत्रणा बसवून दिली. एक खोकं, त्यातून टेबलाटेबलावर फोन, प्रत्येक बोलणं रेकॉर्ड. दर रविवारी दुपारी, वर्कशॉप बंद असताना, खोकं सगळ्याचा बॅकअप घेणार आणि मग स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होणार.

"चांगलं चाललेलं यंत्र बंद कशाला करायचं?" ताईने विचारलं.

"अगं, यंत्रालाही डुलकी लागते. उठलं की ताजंतवानं. आणि बॅकअप आधी, म्हणजे उद्या खोकं जळालं तरी एक गिऱ्हाईक हरवणार नाही."

"दर रविवारी हे करायला येणार कोण?"

"कोणी नाही. मी एकदा लावून ठेवलंय. मी नसलो तरी होत राहील. तू फक्त हात लावू नकोस."

ताईने हात लावला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र कौतुकाने खोकं दाखवलं. "भावाने लावून दिलंय," असं ती म्हणायची तेव्हा तिचा आवाज हिशेब बोलतानाच्या आवाजापेक्षा वेगळाच निघायचा.

गिऱ्हाइकं गळायला लागली ती त्यानंतर काही महिन्यांनी. गळण्याची रीतही विचित्र. सराफाने फोन करून सांगावं की लहान काटा हलतोय, ताईने दर सांगावा, आणि सुटा भाग मागवून तिचा कारागीर पुढच्या आठवड्यात पोचायच्या आत, बहुधा सोमवारीच, निळा शर्ट घातलेला कुठल्याशा नव्या कंपनीचा पोरगा दारात हजर. हातात नेमका तोच सुटा भाग. दर ताईपेक्षा जरासाच कमी. फार कमी नाही. तिला खिजवायला पुरेल इतकाच.

आता वखारवाले कुरकुरत होते. ट्रक तोलायचे त्यांचे सगळे काटे ताईकडे, आणि वर्षाचा करार संपत आला होता. तो गेला तर वर्कशॉपला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बातमी फोनवरून फुटत होती हे उघड होतं. आणि फोनवर कोण, तर हॅलोमावशी. ताईला फ्रॉकमध्ये पाहिलेली बाई. समोरच्याच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत चौकशी केल्याशिवाय रिसीव्हर ठेवायची नाही. शिवाय तिच्या ड्रॉवरमध्ये स्वतःचा मोबाइल असायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत ती तो घेऊन जिन्यात जायची. ताईने हे सगळं मनात जमेला धरलं आणि एका सकाळी तिला मागच्या खोलीत, स्टिकर लावायच्या टेबलावर बसवलं.

"मावशी, तुमच्या कानांना जरा आराम," ताई म्हणाली.

"कान ठणठणीत आहेत माझे," मावशी म्हणाली. "काय झालंय ते सांग ना सरळ."

"काही नाही झालं."

"मग तू माझ्याकडे बघून का बोलत नाहीयेस?"

ताई बघून बोलली नाही. फोन ती स्वतः घेऊ लागली. गिऱ्हाइकं तरीही गळत राहिली.

मग समोरचा रस्ता कोणीतरी खणला आणि इंटरनेटची तार तुटली. फोन वेगळ्या तारांवरचे, ते चालू राहिले. रविवार आला, गेला. त्या आठवड्यात निळा शर्ट कुणाच्याच दारात उगवला नाही. ताईला बरं वाटलं, पण का बरं वाटतंय याचा तिला मेळ लागेना.

तशात धाकट्याचा फोन आला. वाढदिवसाला मेसेजवर भागवणारा भाऊ, चक्क फोन.

"कशी आहेस ताई? जेवतेस ना वेळेवर?"

"बाई गं! आज सूर्य कुठून उगवला?"

"आठवण आली गं. बाकी सगळं ठीक? फोनचं खोकं नीट चालतंय ना? रविवारी रीबूट झालं?"

"झालं असेल. मी काय त्याच्या उशाशी बसते?"

"इंटरनेट आहे ना सुरू?"

"तार तुटलीये. आज येतोय फोनवाला."

मग घाईघाईने, "त्याला खोक्याला हात लावू देऊ नकोस हां. उगाच बिल फुगवतात. मी येऊन बघतो."

वर्षभरात चहाला न फिरकलेला माणूस खोकं बघायला येणार! ताई रिसीव्हर ठेवून हसली. मागच्या खोलीत जाऊन मावशीला सांगितलंसुद्धा, "बघा, अजून जीव आहे त्याचा वर्कशॉपवर." मावशी स्टिकर लावत राहिली.

फोनवाला दुपारी आला, तार जोडली आणि खोक्यासमोर बसला.

"हात लावू नका म्हणालाय भाऊ," ताई म्हणाली.

"हात नाही लावत. इथे लाल दिवा आहे म्हणून बघतोय फक्त. बॅकअपच्या दोन प्रती निघतात तुमच्या. एक या कपाटातल्या डिस्कवर, ती व्यवस्थित. दुसरी बाहेर जाते. ती रविवारी अडकली."

"बाहेर कुठे?"

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. पत्ता लहानच होता. मापट्या, आणि पुढे एक जन्मसाल.

हे नाव बाहेर कुणाला माहीत नव्हतं. धाकटा जन्मला तेव्हा धान्याच्या मापट्याएवढा होता, म्हणून ताईनेच ठेवलेलं.

"काय काय असतं त्या प्रतीत?"

"सगळंच की. कोणी फोन केला, काय बोलणं झालं, रात्री ठेवलेले निरोप. नंबर तर असतातच." फोनवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

ताई स्टुलावर बसली. चोराला निदान दर खेपेला भिंत चढावी लागते, धडधड होते, कधी पाय मागे फिरतो. याने एकदाच लावून ठेवलं होतं. तो जेवत असेल, पोरांना फिरवत असेल, आणि तिकडे बहिणीचा गळा आपोआप कापला जात असेल, ठरल्या वेळी, रीबूटच्या आधी. आणि ती भेटेल त्याला ते खोकं दाखवत होती.

"बंद करू?" फोनवाल्याने विचारलं.

"या रविवारी एकदा जाऊ दे. सोमवारी ये आणि बंद कर. तोवर गिऱ्हाइकांशी मी माझ्या मोबाइलवरून बोलेन."

मागच्या खोलीत जाऊन ती मावशीसमोर स्टूल ओढून बसली. मग म्हणाली, "मावशी, सोमवारपासून फोनवर या. धाकटा होता तो. छतं कसली, निळे शर्ट त्याचेच."

मावशीच्या बोटाला स्टिकर चिकटला होता. तो तिने काढला, परत चिकटला, परत काढला. "जिन्यात मी बहिणीशी बोलायचे," ती म्हणाली. "तिला ऐकू कमी येतं, ओरडावं लागतं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." मग उठून पदर झटकला. "येईन. पण महिनाभर माझ्याशी गोड बोलू नकोस. मला राग यायचाय अजून."

शनिवारी सगळे गेल्यावर ताईने मोबाइलवरून वर्कशॉपचाच नंबर लावला. निरोप ठेवा, असं यंत्र म्हणालं. तिने ठेवला.

"मापट्या, ताई बोलतेय. लहानपणी तुला मोठ्या काट्यावर उभं केलं की तू भिंतीला हात टेकायचास, वजन कमी भरायचं. वडील हसायचे, मीही हसायचे. गिऱ्हाइकं हवी होती तर मागायची होतीस. मी वाटून दिली असती."

दिली असती का? लगेच नसती दिली. चार दिवस भांडली असती, सराफ स्वतःकडे ठेवून घेतला असता. पण दिली असती. एवढं तरी तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

रविवारी दुपारी ती बंद वर्कशॉपमध्ये जाऊन बसली. बॅकअप झाला. सगळ्या टेबलांवरचे दिवे एकदम गेले आणि जरा वेळाने एकेक करून लागले.

सोमवारी फोनवाला दुसरी प्रत बंद करून गेला. मग ताईने वखारवाल्यांना चहाला बोलावलं आणि नवी कंपनी कुणाची ते काहीही न लपवता सांगितलं. म्हातारे वखारवाले कप खाली ठेवून म्हणाले, "सख्ख्या बहिणीला फसवणाऱ्याने माझा ट्रक किती तोलला असता!" आणि करारावर सही केली.

ते जिना उतरत असतानाच फोन वाजला. मावशीने घेतला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

"धाकटा आहे. रडतोय वाटतं. देऊ?"

ताईने तिच्याकडे बघितलं. हात पुढे केला, तो अर्ध्यात थांबला, आणि तिने तो टेबलावर ठेवला.

"म्हणावं निरोप ठेव," ती म्हणाली. "रेकॉर्ड होतो."